हवाच नाही, तर व्हॅक्यूम बॉटलमध्ये ठिणगी पडते कशी?

प्रश्न असा आला आहे. ३३/११ केव्ही उपकेंद्रावर काम करणाऱ्या एका तरुण इंजिनिअरने शटडाऊनमध्ये ११ केव्ही (किलोव्होल्ट) ब्रेकरच्या, म्हणजे प्रवाह तोडणाऱ्या स्विचच्या, व्हॅक्यूम बॉटलची हाय-पॉट, म्हणजे जास्त व्होल्टेज लावून बघण्याची, चाचणी घेतली. बॉटल म्हणजे हवा काढून घेतलेली बंद नळी, ब्रेकरचे कॉन्टॅक्ट तिच्या आत असतात. कॉन्टॅक्ट उघडे होते, म्हणजे मध्ये गॅप होती. पहिल्यांदा २० केव्हीच्या आसपास ठिणगी पडून टेस्ट सेट ट्रिप झाला. दुसऱ्यांदा २४ पर्यंत गेला. त्यानंतर मात्र पूर्ण २८ केव्ही मिनिटभर निमूट टिकले. त्यावर त्याने तीन गोष्टी विचारल्या आहेत. आत हवाच नाही, तर वीज गेली कशातून? गॅप दुप्पट केली की दुप्पट व्होल्टेज का टिकत नाही? आणि ही बॉटल चांगली धरायची की बाद करायची?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण शटडाऊन संपत आलेला असतो आणि फोन वाजत असतात: बॉटल बहुधा चांगली आहे. मात्र हे ‘बहुधा’ कशावर अवलंबून आहे ते कळायचं असेल, तर पहिल्या दोन प्रश्नांतून जावं लागेल. व्हॅक्यूम इंटरप्टर, म्हणजे याच बॉटल, बनवणं आणि तपासणं हे माझं अनेक वर्षांचं काम. त्यातून पक्कं बसलेलं एकच सांगायचं तर, व्हॅक्यूममध्ये ब्रेकडाऊन (गॅपचा रोध तुटून ठिणगी पडणं) पोकळीचा होत नाही, धातूच्या पृष्ठभागाचा होतो. ठिणगीला लागणारा वायू इलेक्ट्रोड, म्हणजे समोरासमोरचे कॉन्टॅक्ट, स्वतःची वाफ करून तयार करतात.

हवेतली ठिणगी आपल्याला माहीत असते. एखादा मोकळा इलेक्ट्रॉन विद्युतक्षेत्रात वेग घेतो, रेणूवर आदळतो, त्यातून आणखी एक इलेक्ट्रॉन सोडवतो, आणि दोनाचे चार, चाराचे आठ होत जातात. फ्रीडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली दाखवून दिलं की ब्रेकडाऊनचं व्होल्टेज नुसत्या दाबावर किंवा नुसत्या अंतरावर ठरत नाही, दोघांच्या गुणाकारावर ठरतं. हवेसाठी त्या आलेखाचा तळ सुमारे ३३० व्होल्टला लागतो. गॅप एक सेंटिमीटर असेल, तर पाऊण मिलिबार दाबाला हा तळ येतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. दाब त्याहून कमी करत गेलं की व्होल्टेज पुन्हा वर चढतं, तेही उभ्या कड्यासारखं, कारण इलेक्ट्रॉनला वाटेत आदळायला कोणी भेटतच नाही.

बॉटल कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा आतला दाब मिलिबारच्या दहा लाखाव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो. ‘पूर्ण पोकळी’ हा शब्द इथेही खरा नाही. या दाबाला एका घन सेंटिमीटरमध्ये अजून २,४०० कोटी रेणू असतात. पण एका रेणूला दुसरा भेटायला सरासरी साठ-पासष्ट मीटर जावं लागतं. नेहमीच्या हवेत हेच अंतर मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असतं. आपली गॅप आठ-दहा मिलिमीटरची. कॅथोडवरून, म्हणजे ऋण बाजूच्या कॉन्टॅक्टवरून, निघालेला इलेक्ट्रॉन कोणालाही न शिवता थेट समोरच्या धन कॉन्टॅक्टवर, म्हणजे अ‍ॅनोडवर जाऊन आपटतो. वाटेत एकाचे दोन होण्याची सोयच नाही. पाशेनचं गणित इथे लावलं तर बॉटलने कितीही व्होल्टेज सोसायला हवं. प्रत्यक्षात नीट तयार केलेली सेंटिमीटरभर गॅपसुद्धा शंभर केव्हीच्या आगेमागे हात टेकते. म्हणजे दुसरंच काही चाललेलं असणार.

ते काय, याची पहिली खूण १८९७ मध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांना दिसली. थंड धातूतूनही, क्षेत्र पुरेसं तीव्र असेल तर, इलेक्ट्रॉन आपसूक बाहेर पडतात. याचं गणित १९२८ मध्ये फाउलर आणि नॉर्डहाइम यांनी मांडलं. धातूच्या आत इलेक्ट्रॉन एका ऊर्जेच्या भिंतीआड असतो. तांब्याला, टंगस्टनला ही भिंत साधारण साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्टची. बाहेरून जोरदार क्षेत्र लावलं की भिंत पातळ होते. मग इलेक्ट्रॉन तिच्यावरून उडी न मारता तिच्यातून आरपार निघून जातो. क्वांटम यांत्रिकीच्या सुरुवातीच्या यशांपैकी हे एक. मला मात्र त्यातली भूमिती जास्त मोलाची वाटते: भिंतीची जाडी थोडी कमी झाली की गळती प्रचंड वाढते. क्षेत्र मीटरला ३०० कोटी व्होल्टवरून ६०० कोटींवर नेलं, म्हणजे फक्त दुप्पट केलं, तर त्याच जागेतून येणारा प्रवाह लाखाहून जास्त पट होतो.

इथे तुम्ही थांबून विचाराल की ३०० कोटी आणायचे कुठून? २८ केव्ही हा एसीचा आरएमएस (परिणामी मूल्याचा) आकडा, त्याचं शिखरमूल्य ४० केव्ही. ते आठ मिलिमीटरवर पसरलं तर मीटरला ५० लाख व्होल्ट भरतात. कॉन्टॅक्टच्या कडांवर क्षेत्र एकवटतं, म्हणून दुप्पट धरा: एक कोटी. गरज ३०० कोटींची. मधला शेकडोंचा फरक पृष्ठभाग भरून काढतो.

डोळ्याला आरशासारखा दिसणारा कॉन्टॅक्ट सूक्ष्मदर्शकाखाली डोंगराळ मुलुख असतो. त्यावर मायक्रॉनभर उंचीचे सुळके असतात. सुळक्याची उंची त्याच्या टोकाच्या त्रिज्येच्या शंभरपट असेल, तर टोकावरचं क्षेत्रही साधारण शंभरपट होतं. या गुणकाला आम्ही बीटा म्हणतो. गळतीचा प्रवाह वेगवेगळ्या व्होल्टेजला मोजून, फाउलर-नॉर्डहाइमच्या पद्धतीने आलेख काढला की सरळ रेषा येते आणि तिच्या उतारावरून बीटा काढता येतो. मोठ्या इलेक्ट्रोडांवर शंभर, दोनशे, कधी त्याहूनही मोठे बीटा निघतात. बरेच दिवस सगळ्यांची समजूत होती की हे सगळे सुळकेच. ब्रिटनमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठात रॉड लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गळतीच्या जागा एकेक करून हुडकल्या, तेव्हा कित्येक ठिकाणी सुळका नव्हताच. तिथे ऑक्साइडचा किंवा दुसऱ्या एखाद्या विद्युतरोधकाचा बारीक कण धातूत रुतलेला होता, किंवा वर चिकटलेली धूळ होती. मला यात नवल वाटत नाही. असेंब्लीच्या स्वच्छ खोलीत हातमोजे, टोपी, तंतू न सुटणारं कापड यांचा एवढा जाच असतो तो याचसाठी. नवीन मुलं कंटाळतात, पण एक कापसाचा तंतू आत राहिला तर ती बॉटल टेस्ट बेवर हमखास सतावते.

आता खरी घटना. एका सुळक्याच्या टोकातून गळती सुरू झाली. क्षेत्र वाढत गेलं तसा त्या टोकातला प्रवाह मायक्रोअँपिअरवरून मिलिअँपिअरवर आला. आकडा छोटा वाटतो, पण टोकाचं क्षेत्रफळही तसंच नगण्य आहे. हिशेब केला तर एका चौरस मिलिमीटरला दहा लाख अँपिअर या घनतेपर्यंत गोष्ट जाते. घरातल्या वायरिंगच्या तांब्यात आपण चौरस मिलिमीटरला चार-पाच अँपिअर धरतो, यावरून अंदाज घ्या. टोक वितळतं, आणि उष्णता बाहेर जायला वेळच नसल्याने नॅनोसेकंदांत त्याचा स्फोट होतो. सोव्हिएत शास्त्रज्ञ गेन्नादी मेस्यात्स आणि त्यांच्या गटाने १९६० च्या दशकात हा स्फोट आणि त्याच क्षणी उसळणारा इलेक्ट्रॉनांचा लोंढा तपशिलाने अभ्यासला. तांब्यासाठी ही मर्यादा ठरीव दिसते: सर्न या युरोपीय कण-भौतिकी प्रयोगशाळेतल्या डीसी ठिणगीच्या प्रयोगांत बीटा धरून काढलेलं स्थानिक क्षेत्र दरवेळी मीटरला १००० कोटी व्होल्टच्या जवळपास आलं. बाहेरून व्होल्टेज किती, गॅप किती, याला फारसं महत्त्व नाही. टोकावर एवढं क्षेत्र साचलं की ते टोक टिकत नाही.

स्फोटातून तांब्याची वाफ निघते आणि तीच आपली ‘हवा’. इलेक्ट्रॉन तिचं लगेच आयनीकरण करतात. हा प्लाझ्मा सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास वेगाने पसरतो, म्हणजे दहा मिलिमीटरची गॅप एका मायक्रोसेकंदात भरून निघते. कॅथोडवर एक लखलखता ठिपका तयार होतो. तो स्वतःच्या उष्णतेने पुढची वाफ पुरवत राहतो आणि नाचत राहतो. तांब्यावर एक ठिपका शंभर अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो; प्रवाह वाढला की ठिपके वाढतात. दोन्ही कॉन्टॅक्टमधलं व्होल्टेज आता वीस व्होल्टच्या घरात येतं. काही क्षणांपूर्वी जिथे हजारो व्होल्ट उभे होते, तिथे आता बॅटरीइतकं व्होल्टेज. तुमचा टेस्ट सेट ट्रिप झाला तो इथे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर झालं: वीज तांब्याच्या आणि क्रोमियमच्या वाफेतून गेली. कॉन्टॅक्टमध्ये तेच दोन धातू असतात.

ब्रेकर काम करतो तेही याच्याच जोरावर. कॉन्टॅक्ट उघडताना आर्क, म्हणजे सलग पेटती ठिणगी, याच वाफेवर जगतो. ५० हर्ट्झला दर १० मिलिसेकंदांनी प्रवाह शून्यावर येतो. त्या क्षणी ठिपके विझतात, नवी वाफ थांबते, आणि उरलेली वाफ काही मायक्रोसेकंदांत भोवतालच्या धातूच्या शील्डवर जाऊन गोठते. वायू उरतच नाही, त्यामुळे गॅप पुन्हा उभी राहते ती विलक्षण वेगाने. कॅलटेकमध्ये सोरेन्सन आणि मेंडेनहॉल यांनी १९२६ मध्येच व्हॅक्यूम स्विचने प्रवाह तोडून दाखवला होता. तरी बाजारात भरवशाची बॉटल यायला काही दशकं गेली. अडचण तत्त्वाची नव्हतीच. धातूत दडलेला वायू काढून टाकणं आणि सिरॅमिक व धातूचा जोड वर्षानुवर्षं हवाबंद ठेवणं, या दोन गोष्टी जमत नव्हत्या.

दुसरा प्रश्न गॅपचा. गॅप मिलिमीटरपेक्षा लहान असते तेव्हा वर सांगितलेली कॅथोडची गोष्टच मुख्य असते आणि व्होल्टेज अंतराच्या प्रमाणात वाढतं. गॅप मोठी झाली की दुसरं पात्र रंगमंचावर येतं: सैल कण. इलेक्ट्रोडवर चिकटलेला एखादा सूक्ष्म कण क्षेत्राने विद्युतभारित होतो, सुटतो, आणि समोरच्या इलेक्ट्रोडवर जाऊन आदळतो. लॉरेन्स क्रॅनबर्ग यांनी १९५२ मध्ये मांडलेला विचार असा: कणावरचा भार पृष्ठभागावरच्या क्षेत्राच्या प्रमाणात, तो पूर्ण व्होल्टेजमधून पडतो म्हणून त्याची ऊर्जा क्षेत्र गुणिले व्होल्टेज, आणि ही ऊर्जा एका मर्यादेपलीकडे गेली की आदळण्याच्या जागी पुरेशी वाफ होऊन ब्रेकडाऊन. क्षेत्र म्हणजे व्होल्टेज भागिले अंतर. तेव्हा व्होल्टेजचा वर्ग भागिले अंतर ही राशी स्थिर राहते. गॅप चौपट केली तर व्होल्टेज दुप्पट, आणि गॅप दुप्पट केली तर फक्त १.४१ पट. क्रॅनबर्गचं हे चित्र प्रत्येक ब्रेकडाऊनला लागू पडतं असं कोणी म्हणत नाही. अ‍ॅनोडवर इलेक्ट्रॉनांचा झोत पडून तिथला वायू आणि वाफ सुटणं हाही एक रस्ता आहे. पण मोठ्या गॅपमध्ये वर्गमुळाच्या जवळ जाणारा कल टेस्ट बेवर खरोखर दिसतो.

यातून एक युक्ती निघते. मोठी गॅप एकच ठेवण्याऐवजी तिचे दोन तुकडे करून सिरीजमध्ये जोडले, तर वर्गमुळाचा तोटा टळतो. दोन गॅप, प्रत्येकी पूर्वीइतकीच, मिळून दुप्पट व्होल्टेज झेलतात, अट एवढीच की व्होल्टेज दोघांत सारखं वाटलं गेलं पाहिजे. त्यासाठी समांतर कपॅसिटर लावतात. वरच्या व्होल्टेजला व्हॅक्यूम ब्रेकर इतकी वर्षं का पोचत नव्हते त्याचं एक कारण हेच. आता १४५ केव्हीला एकाच गॅपचे ब्रेकरही मिळतात, पण त्यामागे कॉन्टॅक्ट आणि शील्डच्या रचनेवर बरीच मेहनत आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या पेलेट्रॉन प्रवेगकाचं रेटिंग १४० लाख व्होल्टचं आहे. त्याच्या नळीत हे सगळं व्होल्टेज एका दमात पडू देत नाहीत. सिरॅमिकच्या कड्या आणि टायटॅनियमचे इलेक्ट्रोड एकाआड एक रचून ते लहान लहान पायऱ्यांत वाटलेलं असतं. आपल्या ३३ केव्ही बॉटलमधली मधली तरंगती शील्डसुद्धा त्याच कुळातली.

आता तुमची बॉटल. पहिली ठिणगी २० ला, पुढची २४ ला, मग २८ वर शांतता. याला आम्ही कंडिशनिंग म्हणतो आणि कारखान्यात ते मुद्दाम करतो. प्रत्येक ठिणगी सगळ्यात कमकुवत सुळका उडवून टाकते, तिथला धातू वितळून गुळगुळीत होतो, मग पुढची ठिणगी त्याच्या खालच्या नंबरचा सुळका उडवते. बिडाचा नवा तवा मुरवतात त्याची आठवण होते, फक्त तिथे थर चढवायचा असतो आणि इथे उतरवायचा. व्होल्टेज पायरीपायरीने चढवतात. एका पायरीवर ठिणग्या थांबल्या, गळती खाली बसली, की पुढची पायरी.

यात एक अट कधी विसरू नका: ठिणगीची ऊर्जा कमी असली पाहिजे. ठिणगीच्या क्षणी गॅपच्या जवळ साठलेला सगळा भार तिच्यात ओतला जातो. बॉटल आणि टेस्टची लीड मिळून ५० पिकोफॅरड धरा, ४० केव्ही शिखराला ही ऊर्जा ०.०४ ज्यूल भरते. एवढ्याने सुळका जातो आणि डाग पडत नाही. आता समजा फीडरची, म्हणजे पुढे सप्लाय नेणाऱ्या लाइनची, शंभर मीटर केबल जोडलेलीच राहिली. किलोमीटरला पाव मायक्रोफॅरड धरला तर ती ऊर्जा पाचशेपट, २० ज्यूल होते. तेवढ्याने कॉन्टॅक्टवर खड्डा पडतो आणि खड्ड्याच्या कडेला वितळलेल्या धातूचे नवे सुळके उभे राहतात. ठिणगीगणिक व्होल्टेज चढण्याऐवजी उतरत गेलं तर आधी हे तपासा. केबल सोडवूनच हाय-पॉट करा, आणि रेझिस्टर असेल तर तो बॉटलच्या जवळ, टेस्ट सेटच्या टोकाला नाही.

चांगली बॉटल पहिल्यांदा २० लाच का कुरकुरली, याचंही कारण आहे. कंडिशनिंग कायमचं नसतं. २५ केए (किलोअँपिअर) वर्गाच्या बॉटलमध्ये कॉन्टॅक्ट सुमारे दोनशे किलो वजनाइतक्या जोराने एकमेकांवर दाबलेले असतात. आत ऑक्सिजन नाही, त्यामुळे स्वच्छ धातू स्वच्छ धातूला जागोजाग चिकटतो. उघडताना ते जोड फाटतात आणि फाटलेल्या जागी ताजे सुळके तयार होतात. ब्रेकर नुसता, करंट न तोडता, अनेकदा उघडबंद केला असेल तर पहिल्या एकदोन ठिणग्या यायच्याच. साइटवर मेंटेनन्सच्या वेळी पूर्ण २८ न लावता त्याच्या ८० टक्के, म्हणजे साडेबावीस केव्हीच्या आसपास लावण्याचा रिवाज आहे. तुमची बॉटल त्याच्या वर गेली आणि पुढे टिकली. म्हणून ‘बहुधा चांगली’.

बाद बॉटल वेगळी वागते. आत हवा शिरत असेल तर दाब वाढत वाढत पाशेनच्या त्या तळाशी येतो, पाऊण मिलिबारच्या परिसरात. तिथे २० केव्हीची गोष्टच सोडा, काहीशे व्होल्टपासूनच आत जांभळट प्रकाश पडतो आणि प्रवाह स्थिर वाहू लागतो. टेस्ट सेट उठतच नाही. कंडिशनिंगने यात तसूभर फरक पडत नाही, कारण अडचण पृष्ठभागाची नाही, खरोखर वायूची आहे. कंडिशनिंगच्या ठिणग्या तुटक येतात आणि वर सरकतात, गळकी बॉटल दरवेळी त्याच ठिकाणी बसते. ओळख एवढीच.

आणखी एक सापळा आहे, आणि तो मला सगळ्यात धोकादायक वाटतो. गळती फार जुनी असेल तर आतला दाब तळ ओलांडून थेट वातावरणाइतका होतो. आता आत साधी हवा आहे. आठ मिलिमीटर हवा पंचवीस केव्ही शिखरापर्यंत टिकते. ११ केव्ही सिस्टिमचं फेज ते अर्थ शिखर नऊ केव्ही. म्हणजे ही मेलेली बॉटल उघडी असताना सिस्टिमचं व्होल्टेज सुखाने धरून ठेवील, कोणाला काही कळणार नाही, आणि फॉल्ट तोडायची वेळ आली की फुटेल. म्हणूनच ‘ब्रेकर ओपन आहे आणि पलीकडे सप्लाय जात नाही’ हा पुरावा चालत नाही. मेगरच्या, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या यंत्राच्या, पाच केव्हीनेही हे कळत नाही. हाय-पॉट कमी व्होल्टेजवर उरकून घेणारे इथेच फसतात: १५ केव्ही आरएमएसचं शिखर २१, हवेने भरलेली बॉटल पास! साडेबावीसचं शिखर ३२ केव्ही होतं, तिथे ती पडते. चाचणीचा आकडा हवेतून बेतलेला आहे, व्हॅक्यूमच्या क्षमतेतून नाही. खरं व्हॅक्यूम त्या आकड्याच्या कितीतरी वर असतं.

डीसी टेस्ट सेटबद्दल थोडक्यात. डीसीत एकच टोक सतत कॅथोड राहतं, त्यामुळे त्यावरचा एखादा दांडगा सुळका चांगल्या बॉटललाही नापास दाखवू शकतो. नापास आली तर पोलॅरिटी उलटून पुन्हा पाहा. आणि फिल्टर नसलेला अर्धलहरी डीसी सेट टाळाच. मीटरवर दिसतं त्यापेक्षा बॉटलवरचं शिखर बरंच जास्त असतं. पावसाळ्यात चाचणी असेल तर सिरॅमिक बाहेरून कोरडं पुसून घ्या, नाहीतर बाहेरची गळती मोजून आतल्या बॉटलला दोष दिला जातो.

दोन-तीनदा ठिणगी पडली आणि मग नाही, यात काही जणांना ‘मग खरा ब्रेकडाऊन व्होल्टेज किती?’ असं अडखळायला होतं. व्हॅक्यूममध्ये एक ठाम आकडा नसतो, शक्यता असते. हे सगळ्यात ठसठशीत दिसतं ते सर्नच्या क्लिक नावाच्या प्रस्तावित प्रवेगकासाठी झालेल्या कामात. तिथे तांब्याच्या पोकळ्यांत १२ गिगाहर्ट्झला मीटरला १० कोटी व्होल्टचं प्रवेगक्षेत्र हवं आहे, आणि ब्रेकडाऊन मीटरमागे एक कोटी स्पंदांत तीनपेक्षा जास्त चालणार नाहीत. मोजमापांत ब्रेकडाऊनची शक्यता क्षेत्राच्या जवळजवळ तिसाव्या घाताने बदलते असं दिसलं. म्हणजे क्षेत्र दहा टक्के कमी केलं की ब्रेकडाऊन चोवीस पट विरळ. ब्रेकरचं मार्जिन थोडंसं खाल्लं तर काय बिघडतं असं विचारणाऱ्याला मी हेच गणित करायला सांगतो.

सिरॅमिकवरच्या फ्लॅशओव्हरचा विषय मोठा आहे, इथे एवढंच: धातू, सिरॅमिक आणि पोकळी जिथे एकत्र येतात तो सांधा सगळ्यात नाजूक. तिथून सुटलेला इलेक्ट्रॉन सिरॅमिकवर टप्पे खात, प्रत्येक टप्प्याला एकाहून जास्त इलेक्ट्रॉन उडवत पुढे जातो. म्हणून तो सांधा शील्डच्या आडोशाला, कमी क्षेत्रात ठेवतात. आडोसा नीट असेल तर उपकेंद्रावर याची चिंता करायची गरज नाही.

एक्स-रे मात्र तुमच्या चिंतेचा विषय आहे. कॅथोडवरून सुटलेला इलेक्ट्रॉन पूर्ण व्होल्टेज पिऊन अ‍ॅनोडवर आदळतो. एक्स-रे ट्यूबमध्ये याहून वेगळं काही होत नाही. ११ केव्ही वर्गाच्या २८ केव्ही चाचणीत बाहेर फारसं काही येत नाही. ३३ केव्हीच्या बॉटलला ७० केव्ही लावता तेव्हा गोष्ट बदलते. आंतरराष्ट्रीय मानकात चाचणी व्होल्टेजला एक मीटरवर तासाला १५० मायक्रोसिव्हर्टची मर्यादा आहे, तर नेहमीच्या रेटेड व्होल्टेजला फक्त ५ ची. ठरलेल्यापेक्षा जास्त व्होल्टेज लावू नका, ठरलेल्यापेक्षा कमी गॅपवर चाचणी घेऊ नका, कारण गॅप कमी म्हणजे क्षेत्र जास्त आणि क्षेत्र जास्त म्हणजे गळती अनेक पट. दोन-तीन मीटर मागे उभे राहा. बॉटलला नाक लावून ‘आत ठिणगी दिसते का’ बघणारे मी पाहिले आहेत.

राहता राहिलं एक. हा ब्रेकर कपॅसिटर बँकेचा (कपॅसिटरांचा गट चालू-बंद करणारा) असेल तर माझं ‘बहुधा’ थोडं पातळ होतं. बँक चालू करताना कॉन्टॅक्ट टेकायच्या आधीच गॅपमध्ये ठिणगी पडते आणि हजारो अँपिअरचा इनरश, म्हणजे सुरुवातीचा प्रवाहाचा लोंढा, त्यातून जातो. कॉन्टॅक्ट वितळलेल्या जागीच बंद होऊन चिकटतात. पुढे बँक बंद करताना प्रवाह जेमतेम शे-दोनशे अँपिअर, त्यामुळे तो जोड फाटून उरलेले सुळके वितळून सपाट करायला ताकदीचा आर्कही मिळत नाही. त्यात गॅपवर डीसीसारखं अडकलेलं व्होल्टेज उभं राहतं, सिस्टिमच्या शिखराच्या दुप्पट किंवा जास्त. प्रवाह तुटल्यानंतर शेकडो मिलिसेकंदांनीही अचानक ब्रेकडाऊन होतो तो अशा वेळी. एखादा सैल कण उशिरा सुटलेला असतो. साध्या फीडरवर ही बॉटल निःशंक परत लावा. बँकेवर असेल तर २८ केव्ही तीन वेळा, मध्ये ब्रेकर प्रत्येकी दहाबारा वेळा उघडबंद करून घ्या. उघडबंद केल्यावर दरवेळी पहिली ठिणगी २० च्याही खाली येत गेली, तर ती बॉटल बँकेवरून काढून साध्या फीडरला द्या आणि बँकेला नवी बसवा.